आधी तेल, की आधी पार्ट?

पी००१४. गाडीला लावलेल्या स्कॅनरनं एवढंच सांगितलं. अमेरिकेत १९९६पासूनच्या मोटारींना हे कोड एका ठरावीक भाषेत द्यावे लागतात आणि भारतातही एप्रिल २०१३पासून नव्या गाड्यांना हीच पद्धत, ओबीडी-२, आहे. त्यामुळे डेट्रॉइटच्या उपनगरात घरासमोर वाचलेला कोड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या मेकॅनिकलाही कळतो. पण कोड कळल्यावर पुढे काय करायचं, यावर दोघांचं एकमत होईलच असं नाही. माझी बायको आणि तिचे मामा यांचं झालं नाही.

दोघंही इंजिन जाणतात, म्हणून तो वाद इथे मांडतो. ती इथल्या एका पुरवठादार कंपनीत इंजिन कॅलिब्रेशनचं काम करते. मामांचं आयुष्य उद्यमनगरातल्या गॅरेजात गेलं, तेव्हा ते इथे आमच्याकडे आले होते. प्रीमियर पद्मिनीच्या कॉन्टॅक्ट पॉइंटपासून बीएस-६पर्यंतच्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. गाडी २०११ची, २.४ लिटरचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. दिवा लागला होता, चढावर ओढ कमी वाटत होती, बाकी गाडी चालत होती.

भाची : मामा, यात फार विचार करण्यासारखं काही नाही. दोन सोलेनॉइड आहेत, एक इनटेक कॅमचा, एक एक्झॉस्टचा. वरूनच हात पोचतो. प्रत्येकाला एक बोल्ट आणि एक कपलर. अर्ध्या तासात दोन्ही बदलून होतात. वर तेलही बदलून टाकते.

मामा : बदलशील की. पण तो खराब आहे हे तुला कुणी सांगितलं?

भाची : कोडनं.

मामा : कोडनं टायमिंगची तक्रार सांगितली. सोलेनॉइडचं नाव कुठं घेतलं? पी००१३ आला असता तर मीच म्हणालो असतो, कॉइल बघ, वायर बघ. तो सर्किटचा कोड. पी००१७ आला असता तर म्हणालो असतो, चेन बघ. क्रँक आणि एक्झॉस्ट कॅम यांचा मेळ बसत नाही, असं तो सांगतो. पी००१४ म्हणजे कॅमला जिथं जायला सांगितलं तिथं तो गेला नाही, एवढंच. का गेला नाही, ते आपण शोधायचं.

भाची : आणि शोधल्यावर बहुतेक वेळा सोलेनॉइडच निघतो.

मामा : निघत असेल. तरी तो काय काम करतो ते बघ. उसाला पाणी पाजताना दारं धरणारा गडी असतो ना, तसा तो. या सरीचं दारं मोडायचं, त्या सरीचं बांधायचं. पाणी काही तो आणत नाही. पाटालाच पाणी नसलं तर गडी बदलून काय होणार?

मामांचं हे वर्णन अचूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो आणि दोघांना टायमिंग चेन बांधून ठेवते. जुन्या इंजिनात हे नातं कायमचं पक्कं असायचं. व्हॉल्व्ह कधी उघडायचा आणि कधी मिटायचा हे कारखान्यात ठरलं की ठरलं, मग गाडी सिग्नलला उभी असो की घाट चढत असो. इंजिनाला मात्र प्रत्येक वेळी वेगळं टायमिंग सोयीचं असतं. आयडलिंगला इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी फार काळ उघडे राहिले तर जळका वायू आत रेंगाळतो आणि इंजिन अडखळतं. मध्यम वेगात, हलक्या भारावर, थोडा जळका वायू आत राहिलेला उलट चांगला असतो. ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजनचे ऑक्साइड कमी होतात. टायमिंग बदलायची ही सवलत उत्पादनातल्या मोटारीला पहिल्यांदा दिली अल्फा रोमिओनं, १९८०च्या स्पायडरमध्ये. पुढे धुराचे कायदे कडक होत गेले तशी ती साध्या घरगुती गाड्यांतही आली.

आता कॅमच्या टोकाला चेनच्या चक्रात एक पोकळ डबी असते, तिला फेजर म्हणतात. आत पंखासारखी पाती असतात. पात्याच्या एका बाजूला तेलाचा दाब दिला की कॅम चक्राच्या थोडा पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला दिला की मागे. कुठल्या बाजूला तेल सोडायचं ते सोलेनॉइड ठरवतो. त्याच्या आत छोटी नळीदार झडप मागेपुढे सरकते आणि इंजिनाचा संगणक सेकंदाला कित्येक वेळा वीज चालूबंद करून तिला हवी तिथे धरून ठेवतो. तेल येतं ते मात्र खालच्या पंपाकडून, फिल्टरमधून, हेडच्या बारीक वाटांनी, आणि झडपेच्या तोंडाशी एक अगदी बारीक जाळी असते. एवढ्या लांबच्या वाटेवर कुठेही अडलं तरी संगणकाला दिसतं ते एकच. कॅम सांगितलेल्या कोनात नाही.

भाची : मला हे सगळं मान्य आहे. पण हिशेब वेगळा आहे. इथे गॅरेजमध्ये नेली तर मजुरी तासाला दीडशे डॉलरच्या घरात. नुसतं तपासायचे तेवढे लागतात. पार्ट येतो चाळीस-पन्नास डॉलरला. पार्ट बदलणं हीच सगळ्यात स्वस्त चाचणी आहे. दिवा परत लागला नाही तर निदान झालं. लागला तर एक शक्यता संपली आणि पुढे जायचं.

मामा : आमच्याकडे उलटं आहे. हात स्वस्त, पार्ट महाग. अस्सल पार्ट मागवायचा तर गिऱ्हाईक आधी विचारतं, साफ करून चालेल का? म्हणून आम्ही खोलतो, बघतो, मग बोलतो. तुझा हिशेब चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण तू दोन्ही बदलणार, वर तेलही बदलणार म्हणतीस. समजा दिवा गेला. कशानं गेला?

भाची : मला सोमवारी कामावर जायचंय, मामा. कशानं गेला हे कळलं नाही तरी चालेल.

मामा : तुला चालेल. इंजिनाला चालायचं नाही. जाळी ज्या घाणीनं भरली ती घाण तिथंच राहिली, तर वर्षानं नवा पार्टही तसाच भरेल.

इथे मी मामांच्या बाजूचा आहे. पार्ट बदलून तपासायला माझी हरकत नाही, पण चाचणी म्हणायची तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी. तीन बदलल्या की काम होईल, कळणार मात्र काही नाही. आणि खरी गोष्ट ही की इथे महागड्या तासांचा प्रश्न अजून आलाच नव्हता. पहिली तपासणी जगात सगळीकडे फुकट असते. डिपस्टिक ओढायला कुणी पैसे घेत नाही.

भाची : तेल ठीक असणार. डॅशबोर्डवर अजून अडतीस टक्के दाखवतंय.

मामा : ते टक्के कशाचे?

भाची : तेलाच्या आयुष्याचे. इंजिन किती फेरे फिरलं, किती तापलं, यावरून काढलेला हिशेब असतो तो.

मामा : म्हणजे तेल किती आहे ते नव्हे.

भाची : नव्हे.

ती थांबली, बोनेट उघडलं, पट्टी ओढून पुसली, पुन्हा घातली. तेल खालच्या खुणेच्या खाली होतं. या इंजिनात पावणेपाच लिटरच्या आसपास तेल मावतं. त्यातलं जवळपास लिटरभर कमी होतं आणि उरलेलं काळं पडलेलं. अनेक गाड्यांच्या पडद्यावर हे टक्के दिसतात आणि अनेकांना ती तेलाची पातळी वाटते. ही गैरसमजूत इंजिनाला महाग पडते. तेल कमी झालं की उरलेलं तेल जास्त वेळा फिरतं, जास्त तापतं, लवकर पातळ होतं आणि वळणावर पंपाच्या तोंडाशी हवा यायची शक्यता वाढते. खालचे बेअरिंग तरीही तग धरतात. फेजर मात्र दाबावरच हलतो, म्हणून पहिली तक्रार पुष्कळदा त्याच्याकडून येते.

मामा : दिवा लागला तेव्हाचा फोटो असेल की स्कॅनरमध्ये. काढ.

फ्रीझ फ्रेम मामांना म्हणायचं होतं. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे संगणक साठवून ठेवतो. कूलंट ९८ अंश, १९०० आरपीएम, भार हलका. म्हणजे इंजिन पूर्ण तापलेलं, गाडी सपाट रस्त्यावर सावकाश धावत असताना.

मामा : आयडलिंगला गरम इंजिनात पडला असता तर मी सरळ तेलाच्या दाबावर बोट ठेवलं असतं. हा धावताना पडलाय. आणि कोड म्हणतो ॲडव्हान्स. आता तूच सांग, काही सांगितलं नसेल तेव्हा एक्झॉस्टचा कॅम कुठं बसतो?

भाची : पूर्ण ॲडव्हान्सला. तीच त्याची आरामाची जागा. इनटेकची पूर्ण रिटार्डला. दोन्ही तिथे असले की व्हॉल्व्ह एकत्र उघडे राहायचा काळ सगळ्यात कमी. (जरा थांबून) म्हणजे तो पुढे पळालेला नाही. तो जागेवरून उठलेलाच नाही.

मामा : आता बोललीस.

संपूर्ण दुपारभरातला हा क्षण मला सगळ्यात मोलाचा वाटला. पी००११ आणि पी००१४ या दोन्ही कोडांचं वर्णन जवळपास सारखं आहे. कॅमचं टायमिंग प्रमाणाबाहेर ॲडव्हान्स. एक ‘ए’ म्हणजे इनटेकचा, दुसरा ‘बी’ म्हणजे एक्झॉस्टचा. पण इनटेकचा कॅम ॲडव्हान्सला अडकला तर तो घरातून निघून परत आलेला नाही. झडप उघडी अडकली असेल किंवा फेजर सुटत नसेल. एक्झॉस्टचा कॅम ॲडव्हान्सला अडकला तर तो घरातच आहे, त्याला बाहेर काढणारं तेल पोचलेलं नाही. वाक्य एक, आजार उलटे. कोड वाचून थेट दुकानात जाणाऱ्याला हा फरक कधीच दिसणार नाही.

५डब्ल्यू-३० तेल घालून पातळी वरच्या खुणेला आणली. कोड अजून पुसला नाही. आकड्यांची नोंद राहू द्या असं मामांचं म्हणणं होतं. मग तिनं तिचा मोठा स्कॅनर लावला. हा नुसता ऐकत नाही, हुकूमही देतो. इंजिन तापवून आयडलिंगला ठेवलं आणि आधी इनटेकच्या फेजरला सरकायला सांगितलं. इंजिन लगेच मिसिंग करू लागलं, बंद पडायच्या बेतात आलं. हुकूम काढून घेतल्यावर सावरलं.

मामा : झकास. म्हणजे हेडपर्यंत तेल येतंय, दाबही आहे. आता एक्झॉस्टला सांग.

सांगितलं. पडद्यावर मागितलेला कोन वाढत गेला, प्रत्यक्ष कोन शून्यावर. इंजिन शांत चालू राहिलं. इथे शांतता हीच बिघाडाची खूण होती.

भाची : झालं. सोलेनॉइड.

मामा : सोलेनॉइड, नाहीतर फेजर. आता काढ त्याला. आता मीच म्हणतो, काढ. ज्या इंजिनात दोन्ही अगदी सारखे असतात तिथं मी अदलाबदल करून बघतो, कोड त्याच्याबरोबर गेला तर दोषी तोच.

भाची : याचे दोन्ही वेगळे आहेत. अदलाबदल चालणार नाही.

काढण्याचं काम तिनं म्हटलं होतं तसंच सोपं निघालं. इंजिन थंड होऊ दिलं. वरचं प्लॅस्टिकचं झाकण उचललं. भोकाभोवतीची धूळ फडक्यानं टिपली, कारण तिथे पडलेला वाळूचा कण सरळ तेलाच्या वाटेत जातो. कपलरची खटकी दाबून तो सोडवला, दहाच्या पान्यानं बोल्ट काढला. मग मामा म्हणाले, कपलर धरून ओढू नकोस, अंगाला धरून आधी गोल फिरव, ओरिंग चिकटलेली असते. दोन-तीनदा फिरवल्यावर तो सुटला. मामांनी पहिल्यांदा पार्टकडे बघितलंच नाही, भोकात टॉर्च मारली. जुनी ओरिंग आत राहून गेली आणि त्यावर नवी बसवली तर तेल गळतं. हे पाहायला पुष्कळ जण विसरतात.

मीटरवर कॉइलचा रोध मॅन्युअलच्या मर्यादेत आला. थंड असताना ठीक म्हणजे गरम असतानाही ठीक असं नाही, हे मामांनी लगेच सांगितलं. बॅटरीवर क्षणभर जोडल्यावर टिक असा आवाज यायला हवा आणि आतली झडप सरकलेली दिसायला हवी. एकदा सरकली, दुसऱ्यांदा अर्ध्यात थांबली, तिसऱ्यांदा हललीच नाही. जाळीवर काळे कण होते. मामांनी ते नखावर घेऊन चिरडले.

मामा : पीठ झालं. जळक्या तेलाचा कोळसा आहे. चमकला असता तर धातू, मग खाली काहीतरी घासतंय. कडक तुकडा असता तर चेनच्या गाइडचं प्लॅस्टिक. तसं निघालं असतं तर आज पार्टाचा विषयच बंद केला असता, चेनचं झाकण उघडायला लागलं असतं.

भाची : मग आता नवा बसवू?

मामा : मी असतो तर कार्ब क्लीनरनं धुऊन, झडप मोकळी करून परत बसवला असता. चालेल तो.

भाची : किती दिवस?

मामा : ते सांगता यायचं नाही.

भाची : हेच तर. आतल्या भिंतीला चरे पडले असतील तर धुऊन काय होणार? पन्नास डॉलरच्या वस्तूसाठी मी पुन्हा झाकण उघडणार नाही. आणि रस्त्यात परत अडकला तर आपण दोघं पुन्हा इथेच बसून, आता सोलेनॉइड की फेजर, हाच प्रश्न सोडवणार. नवा घातला म्हणजे त्या प्रश्नातला एक भाग तरी कायमचा मिटतो.

या ठिकाणी तिचं म्हणणं मला जास्त पटलं. मामांची काटकसर गिऱ्हाइकाच्या खिशाची काळजी घेणारी आहे, पण अडखळणारी झडप धुतल्यावर किती बरी झाली हे मोजायचं साधन घरी नसतं. निदान झाल्यावर पार्ट बदलायला मागेपुढे बघू नये. घाई वाईट ती निदानाच्या आधीची.

मामा : बदल. पण दोन गोष्टी. नेटवर वीस डॉलरला मिळतो तो नको, मूळ कंपनीचा घे. आमच्याकडे बाजारात हुबेहूब डब्यातून नकली येतात, त्यांची जाळी बघितलीस तर चहा गाळायच्या लायकीची नसते. आणि आता जे तेल भरलंय ते, फिल्टरसकट, लगेच बदल. त्यात वर्षाचा कोळसा फिरतोय.

भाची : फिल्टर आणलाय. तेल ५डब्ल्यू-३०च.

मामा : तेच घाल. गावाकडे हाही एक घोळ आहे. इंजिन आवाज करतं म्हणून गिऱ्हाईक घट्ट ऑइल मागतं, २०डब्ल्यू-५०. जुन्या ॲम्बॅसॅडरला ते चालायचं. ०डब्ल्यू-२०वर चालणाऱ्या आजच्या इंजिनात ते घातलं की थंडीतल्या सकाळी फेजर हलायलाच वेळ घेतो, मग हाच दिवा लागतो, आणि मग आम्ही सोलेनॉइड बदलत बसतो.

नवा बसवताना ओरिंगला तेलाचा हात लावला. पार्ट हातानं दाबून पूर्ण बसल्यावरच बोल्ट लावला. बोल्टनं ओढून बसवायला गेलं तर ओरिंग कापली जाते आणि ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे जायला वेळ लागत नाही. तिनं टॉर्क रेंच आणली आणि १० न्यूटन मीटरवर थांबली. मामांनी मनगटानंच आवळला असता, पण ते काही बोलले नाहीत. त्यांच्या मनगटाची पारख आणि तिच्या रेंचची पारख यांत मला तरी फरक दिसत नाही. आपल्यासारख्यांनी मात्र रेंच घ्यावी.

तेल आणि फिल्टर बदलले. कोड पुसला. पुन्हा हुकूम दिला, आणि या वेळी एक्झॉस्टनंही इंजिन अडखळवलं. मग गाडी बाहेर काढली, कारण मामांना फ्रीझ फ्रेममधली परिस्थितीच हवी होती. ९८ अंश, १९०० आरपीएम, हलका भार. सपाट रस्त्यावर मागितलेल्या कोनाची रेघ खाली गेली की प्रत्यक्ष कोनाची रेघ तिच्या मागोमाग खाली जात होती.

भाची : इनटेकचाही मागवलाय मी. तेवढाच जुना आहे, तेच तेल प्यालाय. तोही बदलून टाकते.

मामा : तो हुकूम ऐकतो. हुकूम ऐकणाऱ्याला कशाला हात लावायचा? डिकीत ठेव.

भाची : डिकीत ठेवलेला पार्ट हायवेवर मध्येच बंद पडल्यावर काय उपयोगाचा?

मामा : यानं सहसा गाडी बंद पडत नाही, दिवा लागतो. दिवा लागल्यावर घरी येऊन बदल.

यावर त्यांचं जमलं नाही. पार्ट डबा न उघडता गॅरेजच्या फळीवर राहिला.

भाची : तेल इतकं कमी कशानं झालं, हे मात्र अजून कळलेलं नाही. खाली डाग नाही, म्हणजे गळत नाही.

मामा : मग खातंय. थोडं कुठलंही इंजिन खातं. हजार मैलांत लिटरभर खाल्लं तर मात्र विषय पिस्टनच्या रिंगचा, आणि सोलेनॉइड बदलून रिंग दुरुस्त होत नाही. आज पातळी वरच्या खुणेला आहे. दर दुसऱ्या टाकीला पट्टी बघ आणि किती मैलांत किती घातलं ते लिही.

भाची : आणि टक्क्यांचं काय करू?

मामा : ते बघत जा, पण शून्याची वाट बघू नकोस. पाच हजार मैलांना तेल काढ.

भाची : त्या हिशेबानं बरीच गाडी चालते, मामा. तो काढणारे लोक मूर्ख नाहीत.

मामा : नाहीत. पण त्यांनी तेल भरपूर आहे असं धरून हिशेब केला. तुझ्या इंजिनात ते नव्हतं.

भाची : बरं. मैल आणि लिटर, दोन रकाने करते.

मामा : तारखेचा तिसरा कर. थंडीत किती खातं ते वेगळं दिसलं पाहिजे.